पाणी कुठवर आलं होतं?

चिपळुणात दोन माणसं भेटली आणि बोलणं पावसावर गेलं, की एक प्रश्न येतोच. "तुमच्याकडे पाणी कुठवर आलं होतं?" समोरचा हाताने दाखवतो. कुणी छातीशी हात नेतो, कुणी नुसतं छताकडे बघतो. साल कुणी सांगत नाही आणि कुणी विचारतही नाही.

बाजारपेठेत आमचं स्टेशनरीचं दुकान आहे, वर राहतं घर. २६ जुलै २००५ला दुकानात पाच फूट पाणी चढलं होतं. वडिलांनी तेव्हा भिंतीत त्या उंचीवर खिळा ठोकला, आणि पुढची सोळा वर्षं आम्ही महाग माल त्या खिळ्याच्या वरच लावत गेलो. २२ जुलै २०२१च्या पहाटे पाणी आलं ते त्या खिळ्याच्या वर आणखी पाच फूट गेलं. कोरोनामुळे शाळा बंद होत्या, वह्यांचा सगळा माल पडून होता. वही भिजली की फुगते. दाबून बसवलेले गठ्ठे असे फुगले की रॅकचे लोखंडी अँगल वाकले. नंतर त्या वह्या हाताने निघेनात, पहारीने उचकटून काढाव्या लागल्या.

हे नुकसान मी कुणालाही सांगू शकत होतो. त्याचा पंचनामा झाला, फोटो निघाले. जे सांगता येत नव्हतं ते वेगळंच होतं. दुकानातून घरात जाणाऱ्या जिन्याला वीस पायऱ्या आहेत. त्या दिवशी वीज नाही, फोनला रेंज नाही, आत म्हातारी आई, बायको आणि मुलगी. आणि मी जिन्याच्या तोंडाशी टॉर्च घेऊन बसलो होतो, एकेक पायरी पाण्याखाली जाताना मोजत. सोळा बुडाल्या. चार उरल्या. त्या चार पायऱ्यांवर मी किती तास बसलो होतो हे मला आजही नीट सांगता येत नाही.

पहिलं वर्ष कामातच गेलं. गाळ उपसायचा, बँकेकडे जायचं, व्यापाऱ्यांची देणी फेडायची. नदीतला गाळ काढावा म्हणून गावानं उपोषण केलं, तिथेही मी जाऊन बसायचो. झोप बरी लागत होती. दुसऱ्या पावसाळ्यात मात्र पत्र्यावर सर वाजली की जाग यायची. उठायचं, टॉर्च घ्यायची, खाली जाऊन पायऱ्या मोजायच्या, शटरच्या फटीतून गटार बघायचं, वर यायचं. अर्ध्या तासाने पुन्हा. कोळकेवाडी धरणाच्या विसर्गाचा मेसेज मोबाइलवर आला की हातपाय गार पडायचे. १९ जुलै २०२३च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड कोसळली. सकाळी टीव्हीवर ते बघताना माझ्या छातीत असं काही धरलं की बायकोने रिक्षा बोलावली. ईसीजी निघाला, तो व्यवस्थित होता. डॉक्टर म्हणाले, "हृदय ठणठणीत आहे. टेन्शन घेऊ नका." आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या.

टेन्शन मी घेत नव्हतो. ते रात्री दोन वाजता येऊन मला उठवत होतं. पण एवढं वाक्य तिथं टेबलासमोर बसून बोलायला मला जमलं नाही.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, मनाच्या डॉक्टरांना दाखवू या का?" मी चिडलो. आमच्याकडे कुणी जरा वेडंवाकडं वागलं, की "ह्याला रत्नागिरीला न्यायला पाहिजे" असं म्हणतात, कारण प्रादेशिक मनोरुग्णालय रत्नागिरीला आहे. ठाणे, पुण्याचं येरवडा आणि नागपूर इथली इतर तीन. त्या त्या भागात त्या त्या गावाचं नाव असंच शिवीसारखं वापरतात. मी स्वतः ते वाक्य शंभरदा बोललेलो आहे, माणसांच्या तोंडावर बोललेलो आहे. आता ते माझ्याविषयी कुणी बोलेल, ह्या भीतीने मला गप्प केलं. जे मी दुसऱ्यांना दिलं होतं तेच माझ्या वाट्याला येणार होतं.

शेवटी विचारायला लागलो तेही चोरून. "नात्यातल्या एकासाठी विचारतोय." ओळखीच्या दोन डॉक्टरांना, एका शिक्षकाला, मुंबईच्या मावसभावाला, सगळ्यांना ह्याच वाक्यानं विचारलं. प्रत्येकाने वेगळं नाव आणि वेगळा शब्द सांगितला. मानसोपचारतज्ज्ञ, मनोविकारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट, समुपदेशक, थेरपिस्ट. हे शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो आणि माणूस चुकीच्या दाराशी जाऊन उभा राहतो. म्हणून जे पुढे कळलं ते इथेच सांगतो. मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएस होऊन पुढे त्या विषयात शिकलेला डॉक्टर. ह्या सगळ्यांत औषध तोच लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा डॉक्टर नसतो, पण त्याचं शिक्षण खास असतं आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे त्याची नोंदणी लागते. तो चाचण्या घेतो, बोलण्यातून उपचार करतो, औषध देत नाही. आणि समुपदेशक म्हणजे बहुतेक वेळा मानसशास्त्रात एमए करून वर समुपदेशनाचं शिक्षण घेतलेली व्यक्ती. ह्या शेवटच्या गटासह आरोग्यातल्या अनेक व्यवसायांची नोंदणी व्हावी म्हणून केंद्राने २०२१मध्ये कायदा केला, पण आजही 'समुपदेशक' अशी पाटी कुणीही लावू शकतो. तेव्हा काय शिकलात, कुठे शिकलात, किती वर्षं हे काम करताय, हे विचारायला लाजू नये. चांगला माणूस शांतपणे उत्तर देतो. मला हे कुणी आधी सांगितलं असतं तर माझे सहा हजार वाचले असते.

ते सहा हजार गेले एका शिबिरात. दुसऱ्या शहरात हॉल घेतला होता, तीन दिवस, मोठा स्पीकर. व्यासपीठावरचा माणूस स्वतःला मनाचा प्रशिक्षक म्हणवत होता. दुसऱ्या दिवशी त्याने मला सगळ्यांसमोर उभं केलं, डोळे मिटायला लावले आणि पूर बघायला सांगितलं. मी बघितला. मी थरथरत खाली बसलो तेव्हा लोक टाळ्या वाजवत होते, कारण माझी भीती 'बाहेर पडली' असं त्याने जाहीर केलं होतं. ज्यांची अजून पडली नसेल त्यांच्यासाठी पुढचा कोर्स होता, त्याचे पैसे वेगळे. त्यानंतर आठ रात्री मी झोपलो नाही. बुडालेल्या माणसाला पुन्हा पाण्यात नेऊन उभं करणं हे शिकलेल्या माणसाचंच काम आहे. तेही हळूहळू, हात धरून, त्याच्या संमतीने. हॉलमध्ये स्पीकर लावून नाही. ह्याचा राग मला आजही येतो.

त्याआधी मी पुण्याला एका समुपदेशक बाईंकडे गेलो होतो. पुणं मुद्दाम निवडलं, तिथं मला कोण ओळखतंय? बहीण तिथे असते, तिच्याकडे जातो असं सगळ्यांना सांगितलं. बाई शिकलेल्या, समंजस, अगदी मनापासून ऐकणाऱ्या होत्या. त्यांनी विचारलं, "पाणी वाढत होतं तेव्हा तुम्हाला आतून काय वाटत होतं?" मला उत्तरच येईना. मग मी त्यांना आमची वाशिष्ठी नदी कुठे आहे ते सांगत बसलो. दाभोळच्या खाडीला भरती असली की नदीचं पाणी पुढे का सरकत नाही, धरणाचं पाणी वरून आलं तर काय होतं, बाजारपेठ खोलगट कशी आहे. अर्धा तास त्यातच गेला. फी बाराशे रुपये, कुंभार्लीचा घाट, जाऊन-येऊन अख्खा दिवस आणि दुकान बंद. दोनदा गेलो आणि सोडून दिलं. आणि मनाशी म्हणालो, हे समुपदेशन वगैरे आपल्याला लागू पडत नाही.

ते माझं चुकलं. एका चांभाराची चप्पल चावली म्हणून कुणी अनवाणी चालत नाही. इथे मात्र एकदा नाही जमलं की आपण पूर्ण दारच लावून घेतो. त्या बाईंचं काही चुकलं नव्हतं, माझंही नव्हतं. आमची गाठ जुळली नाही एवढंच. जुळायला दोन-तीन ठिकाणी जावं लागतं, हे आधीच धरून चालावं.

मधल्या काळात आईने गावी जाऊन देवाला गाऱ्हाणं घातलं. मी बरोबर होतो. गुरव म्हणत होता, 'ह्या लेकराच्या मनात जी काय भीती बसली असंल...' आणि मागे उभी असलेली पाच-सात माणसं प्रत्येक ओळीला 'होय महाराजा' म्हणत होती. माझ्या भीतीचं नाव पहिल्यांदा चार माणसांत मोठ्याने घेतलं गेलं ते तिथे, आणि कुणी हसलं नाही. त्या दुपारी मला बरं वाटलं, हे मी प्रामाणिकपणे लिहितो. रात्री पाऊस आला आणि मी पायऱ्या मोजायला उतरलो, हेही.

सप्टेंबरात एका रात्री गच्चीवर जाऊन मी १४४१६ हा नंबर फिरवला. टेली-मानस ही केंद्र सरकारची सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. फोन फुकट, दिवसरात्र, मराठीतही. पलीकडची मुलगी मराठीत बोलली. तिने नाव विचारलं, मी खोटं सांगितलं, तिला चाललं. वीस-पंचवीस मिनिटं बोललो. मग तिने मला एक साधी गोष्ट विचारली: "तुमच्या जिल्ह्यात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम आहे, तिथे गेला आहात का?" मला अशी काही टीम असते हेच माहीत नव्हतं. हा कार्यक्रम १९९६पासून देशात चालू आहे. सिव्हिलला मनोविकार विभाग असतो आणि तिथली माणसं ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयांत ओपीडीला जातात. आपल्याकडे कोणत्या दिवशी, हे आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारलं की कळतं. मी आयुष्यभर ह्या गावात राहतोय आणि मला ते दिल्ली-मुंबईच्या कुठल्यातरी नंबरवरून कळावं लागलं असं मला वाटलं. नंतर समजलं की टेली-मानसचे कक्ष राज्याराज्यांत आहेत, म्हणजे तो फोनही मी समजलो तेवढ्या लांबचा नव्हता.

केसपेपर काढला. १५ ऑगस्ट २०२३पासून आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत त्यालाही पैसे पडत नाहीत. मनोविकारतज्ज्ञांनी मला दहा मिनिटं दिली, बाहेर रांग होती. पण त्या दहा मिनिटांत त्यांनी नेमके प्रश्न विचारले. झोपेच्या गोळ्या हळूहळू कमी करायला सांगितल्या, दुसरं औषध सुरू केलं, आणि हे औषध लागू पडायला दोन ते चार आठवडे लागतात, मधेच सोडू नका, असं दोनदा बजावलं. वर म्हणाले, "औषधाने तुमची धडधड कमी होईल. पायऱ्या मोजणं थांबवायला मात्र कुणीतरी बरोबर बसून काम करायला हवं." आणि इथल्याच एका समुपदेशक मॅडमचं नाव दिलं.

प्रिस्क्रिप्शन हातात आलं आणि नवी भीती. बाजारपेठेतला मेडिकलवाला माझा लहानपणापासूनचा ओळखीचा. गोळ्यांची नावं तो वाचणार. पहिले दोन महिने मी एसटीने सावर्ड्याला जाऊन गोळ्या आणल्या. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क दिलेला आहे. हा कायदा मी पुढे वाचला, पण गावातल्या काउंटरला कायद्याचा पडदा नसतो. डिसेंबरात एकदा सावर्ड्याला जाणं जमेना आणि गोळ्या संपल्या. मी इथेच गेलो, कागद पुढे केला आणि दुसरीकडे बघत राहिलो. त्याने पाकीट भरलं, वर पेनाने लिहिलं आणि विचारलं, "रात्री जेवल्यावर ना?" बाकी काही नाही. दोन महिने मी ज्या क्षणाला घाबरत होतो तो एवढाच होता.

समुपदेशक मॅडमकडे जातानाही मनात तेच. त्यांची खोली गावात, पहिल्या मजल्यावर, खाली झेरॉक्सचं दुकान. वर जाताना कुणी बघितलं तर? मी संध्याकाळी अंधार पडल्यावरची वेळ मागितली. त्या खेडच्या, लग्न होऊन इथे आलेल्या. फी चारशे. मी बसलो. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, वही उघडली आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे पाणी कुठवर आलं होतं?"

मी चाळीस मिनिटं बोललो.

वडिलांच्या खिळ्यापासून सुरुवात केली आणि जिन्यावर आलो. सोळा म्हणालो, चार म्हणालो. मला काही समजावून सांगावं लागलं नाही. भरती म्हटलं की त्यांना वेळ माहीत होती. पेठमाप, मुरादपूर, खेंड म्हटलं की कुठे किती पाणी होतं ते त्यांना ठाऊक होतं, कारण त्या दिवशी त्याही कुठेतरी माळ्यावर होत्या. हे त्यांनी मला पुष्कळ नंतर, माझ्या विचारण्यावरून, एका वाक्यात सांगितलं आणि विषय पुन्हा माझ्याकडे वळवला. "तुम्हाला आतून काय वाटलं?" हा प्रश्न त्यांनीही विचारला, पण चौथ्या भेटीत. तोवर मला उत्तर सापडलं होतं. मला वाटत होतं की मी टॉर्च बंद केली तर पाणी वाढेल. मी बघत होतो म्हणून ते चार पायऱ्या सोडून थांबलं. म्हणजे ह्यापुढेही दर पावसात मी बघायलाच हवं, नाहीतर माझी माणसं बुडतील. हे वाक्य मी बोललो तेव्हा माझं मलाच नवल वाटलं. दोन वर्षं मी रात्री उठून हीच नोकरी करत होतो.

जवळचा माणूस आपल्याला ओळखतो म्हणून मी लांब पळत होतो, आणि त्याच कारणाने मला बरं वाटायला लागलं ते जवळ. सगळ्यांचं असंच होईल असं नाही. घरातल्या माणसाकडूनच ज्याला त्रास आहे, किंवा जी गोष्ट गावात कळली तर जगणं अवघड होईल, त्याला लांबचं किंवा फोनवरचंच बरं, आणि आता ती सोय आहे. ठाण्यात १९९०पासून आयपीएच, म्हणजे इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थसारखी संस्था मराठीतून हे काम करते आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेची आयकॉल ही सेवा फोनवर आहे. पण आपल्या बोलीतला माणूस मिळाला तर 'जीव धसकला', 'पोटात कालवलं', 'डोकं बधिर झालं' ह्यातला फरक त्याला कळतो. धसकणं म्हणजे नुसतं घाबरणं नव्हे, हे ज्याला सांगावं लागत नाही, त्याच्यापुढे माणूस लवकर मोकळा होतो.

हे माझं एकट्याचं म्हणणं नाही. शेजारी गोव्यात १९९६पासून 'संगाथ' ही संस्था आहे. त्यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना नीट शिकवून, तज्ज्ञांची देखरेख ठेवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या रुग्णांशी बोलायला बसवलं, आणि त्याचा खरोखर उपयोग होतो हे शास्त्रीय चाचणीत दाखवून दिलं. गावातल्या शिकवलेल्या माणसाने आपल्या भाषेत, आपल्या दवाखान्यात बसून ऐकलं की माणसं बरी होतात. हे आपल्याकडे तालुक्यातालुक्यात का नाही? बंगळुरूच्या निम्हान्स ह्या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६मध्ये बारा राज्यांत पाहणी केली होती, महाराष्ट्र त्यात नव्हता. त्यात शंभरातल्या दहाहून जास्त प्रौढांना उपचार लागावा असा मानसिक आजार त्या घडीला होता, आणि बहुतेक आजारांत दहातल्या सातांहून जास्त जणांना उपचार मिळालेलेच नव्हते. पुराच्या वेळी गावात बोटी आल्या, अन्नाची पाकिटं आली, सतरंज्या आल्या, लसीकरण झालं. आमच्या आळीत दारोदार जाऊन 'झोप लागते का?' एवढा प्रश्न विचारणारं कुणी आलं असतं तर मी दोन वर्षं जिन्यावर काढली नसती.

मॅडमनी पुढे केलं ते ऐकायला फार साधं आहे. आधी फक्त लिहायचं: किती वाजता उठलो, भीती दहापैकी किती. मग उठल्यावर खाली जायच्या आधी दहा मिनिटं पलंगावर बसायचं, श्वास लांब सोडायचा, आकडा पुन्हा लिहायचा. दहाची वीस मिनिटं. मग खाली जायचं, पण टॉर्चशिवाय. मग एका रात्री अजिबात नाही. ती रात्र भयंकर होती, मी घामाने भिजलो, बायको शेजारी बसून होती. पहाटे साडेपाचला खाली गेलो तर जिना कोरडा. मी बघितलं नव्हतं तरी कोरडा. मी तिथे पायरीवर बसून रडलो. अकरा भेटी झाल्या, पुढे महिन्याला एक. औषध डॉक्टरांनी सांगितलं तसं वर्षभर घेतलं, मग त्यांनीच हळूहळू बंद केलं.

आताही मोठी सर आली की जाग येते. पुराच्या गावात ती सगळ्यांनाच यावी. मी पाणी पितो, विसर्गाचा मेसेज एकदा बघतो, आणि खरंच इशारा असेल तर माल वर चढवायला मुलीला हाक मारतो. नसेल तर पडून राहतो.

बायकोने भिशीत सांगितलं, त्यामुळे आता बाजारपेठेत बऱ्याच जणांना माहीत आहे. ह्या जूनमध्ये एक जण आधारची झेरॉक्स काढायला आला. काम झालं तरी काउंटरवरून हलेना. वह्या बघितल्यासारखं केलं, पेनं बघितली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "ते मॅडमचं नाव काय म्हणालात? म्हणजे... नात्यातल्या एकासाठी विचारतोय."

मी बिलबुकाचा कागद फाडला. नाव लिहिलं, सरकारी ओपीडीचा वार लिहिला, खाली १४४१६ लिहिलं. मुलीला गल्ल्यावर बसवलं, स्टूल पुढे सरकवलं आणि त्याला विचारलं, "तुमच्याकडे पाणी कुठवर आलं होतं?"

त्याने आधी हात छातीशी नेला. मग वर उचलला. मग खाली बसला आणि सांगायला लागला.